भोंग्यातला बोळा

३ एप्रिल, पोलादपूर
मामाच्या कंपनीचा गेटपास मिळाला शेवटी. मामाने सेफ्टी ऑफिसरच्या मागे लागून मिळवला. 'भाची हाय, पुण्याला डिझाईन शिकते, आपल्या भोंग्यावर प्रोजेक्ट करायचाय' एवढंच सांगितलं म्हणे. कंपनीची अट एकच. रिपोर्ट झाला की एक प्रत त्यांना द्यायची. गाइड मॅडमना फोन केला. म्हणाल्या, द्यायला हरकत नाही, पण त्यात कोणाचंही नाव जाता कामा नये.

आई खूश. मामा तिचा धाकटा भाऊ. बाबा मुंबईला, त्यामुळे घरात काही अडलं की दत्तामामाच. "त्याच्या गाडीवरून जा नि ये, म्हंजे मला घोर नाय."

प्रोजेक्टचा विषय वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला: गॅस सुटल्याचा भोंगा वाजतो आणि कोणी जागचं हलत नाही. असं का होतं?

५ एप्रिल
पहिला दिवस. मामाच्या मागे बसून महाड. एमआयडीसीत वास आधी येतो, कंपन्या मागून दिसतात. मामाला वास येतच नाही. विचारलं तर म्हणाला, "कसला वास?"

प्लांटमध्ये कानठळ्या. मॅडमनी बजावलं होतं, चेहरे नको, हात बघ. चेहरे खोटं बोलतात. दुपारी भोंगा वाजला. सगळ्यांचे हात बघितले. एकाचेही थांबले नाहीत. मामा व्हॉल्व्ह फिरवत होता, फिरवत राहिला. एकाने जांभई दिली. मान वर केली फक्त गणेशने. ठेकेदाराकडचा, नुकताच लागलेला, कशेडी घाटाच्या पायथ्याच्या गावचा. पिंपं धुतो. त्याने भोंग्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे बघितलं. कोणी हलत नाही म्हटल्यावर परत पिंप धुवायला लागला.

धोका आहे की नाही हे माणूस दुसऱ्यांकडे बघून ठरवतो. सायकॉलॉजीच्या तासाला शिकलेलं डोळ्यांसमोर घडलं. फार बरं वाटलं.

१२ एप्रिल
कॅन्टीनमागच्या शेडमध्ये मुलाखती. 'का' विचारायचं नाही, 'का' विचारलं की माणूस सारवासारव करायला लागतो. 'शेवटचा भोंगा वाजला तेव्हा काय काय झालं, सांगा' असं विचारायचं. आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात कठीण.

आधी संमती घेते. प्रत्येकाला तेच सांगते: रेकॉर्डिंग माझ्याजवळ राहील, तुमच्या परवानगीशिवाय कोणाला ऐकवणार नाही, नाव कुठे येणार नाही.

नाना म्हणून एक जुने ऑपरेटर आहेत, नाते गावचे, दुसऱ्या पाळीत. आधी नुसते मान हलवत होते. मी गप्प बसले. मग बोलायला लागले ते थांबेनात. वाफ सोडली की सेन्सर चुकतो आणि भोंगा वाजतो, कारण सेन्सर वाफेच्या तोंडाशीच बसवलाय. मेंटेनन्सला किती वेळा सांगितलं. "शेवटी आम्हीच त्याचा तोंड बंद केला." तिन्ही पाळ्यांत भोंग्यात फडक्याचा बोळा कोंबतात.

मामाची मुलाखत सगळ्यात मजेशीर झाली. "त्यो भोंगा म्हंजे आमची म्हातारी म्हैस गो. वैरण असो नसो, हंबारतेच. मग काय करशील? तोंडात बोळा." खूप हसलो दोघं.

१९ एप्रिल
आज मामाने बोळा दाखवला. शिडीवर चढून बघितला. भोंग्याच्या तोंडात जुन्या शर्टाचा तुकडा ठासून बसवलेला. आवाज येतो, पण उशीखालून आल्यासारखा. फोटो काढला नाही, मामाच नको म्हणाला. वहीत चित्र काढलं.

२७ एप्रिल
निरीक्षण: गणेशने आज भोंग्याकडे बघितलं नाही. मुद्दाम थांबून राहिले, नंतर परत वाजला, तेव्हाही नाही. आता तोही बाकीच्यांसारखा. सवय लागताना प्रत्यक्ष बघायला मिळाली, पहिल्या दिवसापासून. चार्टसाठी यापेक्षा चांगलं काय मिळणार!

जाताना त्याने विचारलं, "ताई, तुम्ही दिवसभर लिवता काय?" म्हटलं, तुम्ही कसं काम करता ते. "मग माझा पण लिवा. पिंपा चांगली धुतो मी."

२० मे
रिपोर्ट दिला. नवा भोंगा डिझाईन केलाय: खऱ्या गळतीला वेगळा आवाज, चुकीच्या इशाऱ्याला वेगळा, सोबत पिवळा-लाल दिवा, आणि कोणी कळ दाबून 'हा खोटा होता' नोंदवू शकेल अशी सोय. मुळात सेन्सर हलवा हे पहिल्याच शिफारशीत लिहिलंय.

कंपनीत मामाच्या पाळीतल्या सगळ्यांसमोर दाखवलं. प्लांट हेड चहा पीत ऐकत होते. बोळ्याच्या चित्रावर थांबायला सांगितलं, जवळ येऊन बघितलं. "इंटरेस्टिंग." मामा मागे उभा होता.  घराशी उतरल्यावर म्हणाला, "चित्रात लय वंगाळ दिसतो गो तो बोळा."

२ जून, पुणे
ज्युरी झाली. बाहेरच्या परीक्षकांनी मुलाखतींचं कौतुक केलं. विशेष करून म्हशीचं वाक्य. 'कामगार ३' म्हणून घातलंय, शब्दाला शब्द. मॅडमची शिकवणच ती, माणसाचे शब्द बदलायचे नाहीत, तुम्ही सुधारलेत की ते तुमचे होतात.

१४ जून, पुणे
आईचा फोन. कंपनीत गॅस सुटला. आधी मामाचंच विचारलं. मामा ठीक, खोकतोय, महाडला दवाखान्यात नेलंय. मग म्हणाली, एक पोरगा गेला. कशेडीकडचा.

नाव तिला माहीत नव्हतं. मला होतं.

१५ जून
पहिली एसटी पकडून आले. मामा घरी. डोळे लाल, बोलताना धाप. गळती पंपाजवळ झाली. गॅस जड, जमिनीलगत पसरला. गणेश खाली वाकून पिंपं धूत होता. बाकीचे वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. मामाने खाली बघितलं तेव्हा तो आडवा होता. त्याने आणि आणखी एकाने ओढून काढला.

भोंगा वाजला होता का? विचारणार होते. विचारलं नाही. मामानेच सांगितलं. "वाजला. पण रोजचाच वाटला."

एप्रिलची वही उघडली. २७ तारखेचं पान. 'यापेक्षा चांगलं काय मिळणार!' माझ्याच अक्षरात, उद्गारचिन्हासकट.

तो रोज थोडा थोडा बहिरा होत होता आणि मी बाजूला स्टुलावर बसून वहीत खुणा करत होते. सांगायला हवं होतं का त्याला? निरीक्षण करणाऱ्याने मधे पडायचं नसतं असं शिकवतात. पण

२३ जून
मामाला कामावरून घरी बसवलं. सरकारी चौकशी पुरी होईपर्यंत. नोटिशीत लिहिलंय, इशारा यंत्रणेत जाणीवपूर्वक अडथळा. सोबत जोडलेली पानं माझ्या रिपोर्टची. सातवं प्रकरण. भोंग्याचं चित्र आणि त्याखाली 'कामगार ३'.

नाव नव्हतं. नावाची गरज पडली नाही. अख्ख्या प्लांटमध्ये प्रत्येक गोष्टीला म्हशीची उपमा देणारा माणूस एकच. सेफ्टी ऑफिसर वाचताना हसला म्हणे, "हे तर आपले दत्ताराम."

पहिली शिफारस, सेन्सर हलवा, ती पानं जोडलेली नाहीत.

२४ जून
मामाकडे गेले. मामी दारातच. आत ये म्हणाली नाही. "आता कोणाचं लिवायला आलीस?"

मामा आतून म्हणाला, येऊ दे तिला. चहा झाला. मामा म्हणतो, त्या दिवशी बोळा नव्हता. "तुझं चित्र बघितलं न् दुसऱ्या सकाळी मी काढून टाकला. शप्पथ." पण गॅस सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीने फोटो काढले, त्यात बोळा आहे. "मग दुसऱ्या पाळीवाल्यानं परत घातला असंल. त्यांना तर कोणी चित्रं दाखवली नाय."

मी मान हलवली. आणि त्याच वेळी डोक्यात दुसरं काहीतरी चालू झालं. धक्क्यानंतर माणसाची आठवण बदलते. जे करायला हवं होतं ते केल्याचं आठवतं, आणि अगदी खरंच आठवतं. त्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. हे सगळं मला माहीत आहे.

सख्ख्या मामाच्या तोंडाकडे बघून मी आठवणीची विश्वासार्हता तपासत होते. चेहरा नको, हात बघ. हात कपाच्या कानाशी चाळा करत होते. त्यावरून काही कळलं नाही.

३० जून
मॅडमशी बोलले.  त्या म्हणाल्या, गाव छोटं असलं की नाव काढून भागत नाही, बोलण्याची लकबही झाकावी लागते, हे मी तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांना खरंच वाईट वाटल्याचं आवाजात कळत होतं. त्याने मामाचं काय होणार?

मामाची मुलाखत चौकशीत पूर्ण द्यायला मामाची हरकत नाही. "दे गो, आता लपवायचं काय राहिलंय." त्यात मेंटेनन्सला वारंवार सांगितल्याचं आहे. पण तो आता आरोपी. त्याचं म्हणणं त्याच्याच बाजूचं, कोण धरणार?

नानांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. तिन्ही पाळ्यांत बोळा घालतात, तक्रारी केल्या होत्या, सगळं स्वच्छ आवाजात.

२ जुलै
नाते. पाऊस धरलेला. नाना पडवीत बसलेले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "माझं नाव नको गो."

म्हटलं, नाना, मामा एकटा अडकलाय. तुम्ही सांगितलेलं खरं आहे ना?

"खरंच हाय. पण माझा पोर आता कंपनीत लागतोय, कागद वर गेलेत त्याचे. तू कबूल केलंवतंस. परवानगीशिवाय कोणाला ऐकवणार नाय म्हणालीस."

म्हणाले होते.

त्यांची बायको आतून फणसाची भाजी घेऊन आली, जेवून जा म्हणाली. जेवले. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. निघताना नानांनी डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ डोक्यावर असल्यासारखा वाटत राहिला.

५ जुलै
दोन-तीन दिवसांत बाकीच्यांनाही विचारलं. एकाने फोन उचलला नाही. एक म्हणाला, मी असं काही बोललोच नव्हतो. माझ्याकडे त्याचाही आवाज आहे.

८ जुलै
आईशी भांडण. ती भांडत नाही, भांडी आपटते. शेवटी बोलली. "तुझ्या फोनमध्ये हाय ना सगळा? मग दे चौकशीच्या साहेबांना. नाना परका, दत्ता आपला."

म्हटलं, मी शब्द दिलाय.

"दत्तालाही दिलावतास."

 नाव येणार नाही हा शब्द मामालाही दिला होता. तो मोडला, माझ्या नकळत मोडला, पण मोडला. एक मोडलाच आहे तर दुसराही मोडावा, असं आईचं साधं म्हणणं. मला चूक दाखवता येत नाही त्यात. आणि तरी फोन उघडून ती फाइल कोणाला पाठवायची म्हटलं की बोट पुढे जात नाही.

मामीने आमच्याकडे येणं सोडलंय. मामा तेवढा येतो. कोणाचा तरी टेम्पो चालवायला लागलाय, महाडहून भाजी आणतो. धाप लागते त्याला. आई त्याच्यासमोर माझ्याशी नीट बोलते.

१५ जुलै
पुण्याच्या एका स्टुडिओची ऑनलाइन मुलाखत. पोर्टफोलिओत भोंग्याचं काम बघून बोलावलं होतं. छान लोक. त्यांनी विचारलं, तुमच्या रिसर्चचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला?

नेट गेलं असं वाटून ते 'हॅलो, हॅलो' करत राहिले. नेट नव्हतं गेलं.

२१ जुलै
गणेशच्या घरी जायला निघाले होते. कशेडीला दरड आलेली, गाड्यांची रांग. रस्ता मोकळा होईपर्यंत एका ट्रकच्या आडोशाला उभी राहिले. परत फिरायला चांगलं निमित्त होतं. नाही फिरले.

घर चढावर. आई एकटी. धाकटी बहीण शाळेत गेलेली. मी कोण ते सांगितलं, कंपनीत बसून लिहायचे ती. तिला माहीत होतं. "गणेशनं सांगितलंवता. कॉलेजातल्या ताई माझा पण लिवतात म्हणून."

माझ्या वहीत त्याच्याबद्दल फक्त तो मान वर करतो की नाही एवढंच आहे. पिंपं चांगली धुतो हे मी कुठेच लिहिलं नाही.

तिला कंपनीच्या माणसाने सांगितलंय की दत्ताराम नावाच्या ऑपरेटरने भोंगा बंद केला म्हणून तुमचा मुलगा गेला. तिने सरळ विचारलं, "त्यो तुझा कोण?" म्हटलं, मामा. सांगून टाकलं. मग सेन्सरचं, वाफेचं, तक्रारींचंही सांगितलं, जेवढं माझं मला ठाऊक होतं तेवढं, कोणाचं नाव न घेता. तिने सगळं ऐकलं. पटलं की नाही कळलं नाही. चुलीपुढे बसून होती, काटक्या आत सारत. जाताना म्हणाली, "चवकशी कधी हाय?" तारीख सांगितली. "मी येनार."

४ ऑगस्ट
कंपनीतून फोन. नवीन भोंगा बसवतायत. माझ्या डिझाईनचा, दोन आवाजांचा. उद्घाटनाला याल का, कॉलेजचंही नाव बोर्डावर घालू. आणि चौकशीत फक्त एवढंच सांगा की रिपोर्ट तुमचाच आहे.

सेन्सर हलवला का, विचारलं. ते दुसऱ्या डिपार्टमेंटकडे आहे म्हणाले.

उद्घाटनाला येत नाही म्हणून कळवलं. भोंगा मात्र बसवा म्हटलं. अजून माणसं आहेत तिथे. पण हेही लिहून ठेवते: सेन्सर तिथेच राहिला तर वर्षभरात त्या दोन आवाजांनाही बोळे लागतील.

१२ ऑगस्ट, महाड
चौकशी. सावित्री नदी फुगलेली, पुलावरून जाताना मामा म्हणाला, लवकर उरकला तर बरा, पाणी वाढतंय. 

सरकारी ऑफिसची खोली. चौकशीचे साहेब वयस्क, सर्दी झालेली, सारखं नाक पुसत होते. वाईट माणूस वाटला नाही. एका बाजूला कंपनीचा वकील, दुसऱ्या बाजूला मामा. मी पूर्ण रिपोर्ट नेला होता, सेन्सरच्या पानांसकट. आणि मामाची मुलाखत, त्याच्या परवानगीने. दोन्ही ठेवून घेतलं. नंतर बघू म्हणाले.

मग प्रश्न.
रिपोर्ट तुमचा? हो.
भोंग्यात बोळा स्वतः पाहिला? हो, एप्रिलमध्ये. त्यानंतरचं मला माहीत नाही, आणि तो का घातला जातो ते...
विचारलं तेवढंच सांगा.
तो कोणी घातल्याचं तुम्हाला सांगितलं? मामाकडे बघितलं. त्याने मान हलवली, सांग म्हणून. दत्ताराम यांनी.
बोळा घालताना आणखी कोणाला पाहिलंत?

पाहिलंत. ऐकलंत का, असं नाही विचारलं. हो की नाही एवढीच जागा ठेवलेला प्रश्न. असे प्रश्न विचारू नयेत म्हणून आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. फोन पर्समध्ये होता, पर्स मांडीवर. नानांचा आवाज त्यात. मामाची नजर माझ्यावर आहे हे न बघता कळत होतं. त्याला ठाऊक आहे त्यात काय आहे ते.

नाही पाहिलं, म्हणाले.

खरं होतं ते. लिहून घेतलं. सही केली.

बाहेर म्हटलं, मामा, मी एकदा परत नात्याला जाते. नानांना विचारते.

"जा. पण न विचारता करू नको." मग थोड्या वेळाने, "माझ्या बाबतीत झाला ते झाला."

बाकावर गणेशची आई बसलेली. आत तिला बोलावलंच नव्हतं, पुढच्या तारखेला बघू म्हणाले. मामा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. दोघं पहिल्यांदा भेटत होते. तो हात जोडायला गेला, ते अर्धवटच राहिले. तिने त्याच्याकडे वर बघितलं. शिव्या देईल असं मला वाटलं. तिने विचारलं ते मला.

"तू शिकलीस ना गो त्यातला. त्याला भोंगा ऐकू आला असंल का?"

माझा सगळा प्रोजेक्ट याच प्रश्नावर आहे. मला उत्तर येतं. ऐकू आला असेल आणि त्याने मान वर केली नसेल. हे त्याच्या आईला सांगायचं? की ऐकूच आला नाही म्हणायचं, आणि मग बोळा त्या दिवशी होताच असं होतं, आणि मामा समोर उभा आहे.

मामाही थांबला होता, मी काय सांगते ते ऐकायला.

पाऊस वाढला होता. तिच्या शेजारी बाकावर बसले. मामाला म्हटलं, तूही बस.